जीपगाडीचा मूळ पाठ

जुन्या वस्तूंचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. काही वस्तू जुन्या झाल्या की त्यांचा मान वाढतो. पैठणी, लिंबाचे लोणचे आणि घरातली आजी या वर्गात मोडतात. काही वस्तू मात्र जुन्या झाल्या की नुसती अडगळ होतात. छत्री आणि अभ्यासक्रमातून गेलेले पाठ्यपुस्तक यांचा अनुभव ज्याला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. जीपगाडी या दोहोंपैकी कोणत्या वर्गात बसते, हा प्रश्न मला आपण होऊन कधीच पडला नसता. मराठीच्या अध्यापकाने ज्या प्रश्नांवर झोप घालवावी अशी अपेक्षा असते, त्यांत तो नाही. पण २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हा प्रश्न आमच्या कऱ्हाडच्या घराच्या अंगणात येऊन उभा राहिला, आणि त्याचा निवाडा करण्यासाठी घरच्यांनी एकमताने माझी नेमणूक केली. मी कोणत्याच गोष्टीत पटकन निर्णय देत नाही, हा गुण त्यांना त्या वेळी उपयोगाचा वाटला असावा.

ही जीप १९६२ सालची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९७६ साली एका सरकारी लिलावात घेतली. अण्णा गुरांचे डॉक्टर. पाटण खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर त्यांची फिरती असे. रात्री-अपरात्री कोणाची म्हैस अडे, कोणाच्या बैलाला फुगवटा येई, आणि निरोप घेऊन आलेला माणूस कंदील हातात धरून ओटीवर बसलेला असे. त्या काळी तिकडच्या रस्त्यांना रस्ते म्हणणे हा केवळ शिष्टाचार होता. पावसाळ्यात तर ओढा कोणता आणि वाट कोणती हे जीपलाच ठाऊक असे. चारही चाकांना जोर देणारे ते यंत्र चिखलातून गुरगुरत बाहेर येई, आणि अण्णा त्याच्या बॉनेटवर हात थोपटत. गुरांच्या डॉक्टरला दुसरे काय सुचणार?

घेतल्यावर दोन वर्षांनी अण्णांनी तिच्या बॉडीत दोन फेरफार केले. मागच्या डाव्या चाकाच्या वरचा पत्रा कापून तिथे वीतभर उंच आणि हातभर रुंद अशी औषधांची पेटी आत बसवली. तिचे झाकण बाहेरून उघडे, त्यामुळे भर पावसात गाडीत न चढता सिरिंज आणि बाटल्या हाताला लागत. दुसरा फेरफार मागच्या फाळक्याचा. त्याला बिजागऱ्या लावून आणखी एक फळी जोडली. फाळका पाडून ती फळी उलगडली की ती थेट जमिनीला टेके आणि आजारी वासरू किंवा शेळी तिच्यावरून आपल्या पायांनी वर येई. गावच्या लोहाराने हे काम आमच्याच अंगणात केले, आणि अण्णांनी रीतसर अर्ज करून आर.सी. बुकात त्याची नोंदही करून घेतली. आमची सगळी भावंडे त्या फळीवरून घसरगुंडी खेळून मोठी झाली.

अण्णांनी व्यवसाय आवरला तेव्हापासून जीप अधूनमधूनच निघे, आणि अलीकडची चार वर्षे तर ती पडवीलगतच्या शेडमध्ये नुसती उभी होती. तिच्या नोंदणीच्या पंचवार्षिक नूतनीकरणाची तारीख जवळ आली तेव्हा माझा भाचा जागा झाला. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे जगातली प्रत्येक वस्तू उघडून पाहण्याचा परवाना त्याला मिळालेला आहे.

"मामा," तो म्हणाला, "आपण जीप मूळ रूपात आणू या. पन्नास वर्षांच्या वरच्या गाड्यांना आता वेगळी नोंदणी मिळते. नंबरात 'व्ही ए' अशी अक्षरं येतात. कसली शान आहे!"

त्याचे म्हणणे खरे होते. केंद्र सरकारने २०२१ साली तसा नियम केला आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ती नोंदणी मिळते. अट अशी, की गाडी मूळ रूपात राखलेली असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, फेरी, डागडुजी अशा निमित्तानेच ती बाहेर पडायची. भाच्याच्या योजनेत म्हणून दोन पर्याय होते. अण्णांची पेटी काढून तिथे सपाट पत्रा जोडायचा आणि फाळक्याची जादा फळी उडवायची, हा पहिला. दुसरा, सबंध बॉडीच नवी आणायची. पंजाब-हरियाणाकडे जुन्या जीपच्या नव्या बॉड्या तयार मिळतात. हरियाणातले मंडी डबवाली हे गाव त्यासाठी प्रसिद्धच आहे.

आईचे म्हणणे याच्या अगदी उलट होते. "पेटीला हात लावायचा नाही," एवढेच ती म्हणाली आणि भाजी चिरू लागली. अण्णा काहीच बोलले नाहीत. तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

माझ्या विषयात हा प्रश्न फार जुना आहे, याची मला प्रथम गंमत वाटली. हस्तलिखित पोथ्या नकलून घेणारे लोक आपापल्या परीने त्यांत भर घालत. कोणी शब्द बदली, कोणी आपल्या पदरची ओवी घुसडी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती असल्या पाठांना कंटाळूनच, आणि पुढे कोणी यात आपली ओवी मिसळू नये असेही बजावून ठेवले. या न्यायाने भाचा बरोबर होता. पेटी हा प्रक्षेप. तो काढलाच पाहिजे.

पण मूळ पाठ म्हणजे कोणता, हे ठरवायला बसलो तेव्हा प्रकरण वाटले तितके सोपे निघाले नाही. जीपचा जन्म अमेरिकेतला, १९४० सालचा. युद्धाच्या घाईत तिथल्या लष्कराने पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांत मागितला, आणि पेनसिल्व्हेनियातल्या बँटम नावाच्या लहानशा कंपनीने तो वेळेवर आणून उभा केला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. गाडी झटपट बनावी आणि रणांगणावर झटपट दुरुस्त व्हावी म्हणून तिची अंगे सरळ सपाट ठेवलेली. मडगार्ड म्हणजे जवळजवळ पाटच. युद्ध संपल्यावर विलीजने तीच गाडी शेतकऱ्यांसाठी विकायला काढली. १९५३ साली तिच्यात नवे, उंच इंजिन बसवायचे ठरले. ते जुन्या बॉनेटखाली मावेना. मग काय केले? सबंध गाडी नव्याने आखली नाही. बॉनेट तेवढे उंच करून टाकले. भारतात महिंद्र कंपनीने वर्षानुवर्षे बनवलेली उंच कपाळाची जीप ती हीच, आणि आमच्या शेडमधली जीपही तिचीच बहीण.

"म्हणजे," मी भाच्याला म्हटले, "तू ज्याला मूळ म्हणतोस तेही कोणीतरी गरजेपोटी केलेलं ठिगळच आहे."

"पण ते कारखान्यानं केलेलं आहे, मामा!" तो म्हणाला. यावर मला उत्तर सुचले नाही. कारखान्याचे ठिगळ आणि लोहाराचे ठिगळ यांत फरक करणारी पिढी आणि न करणारी पिढी यांच्यामध्ये मी उभा होतो.

निवाडा लांबणीवर पडला तरी गंज थांबणार नव्हता, आणि गंज काढायचा याबद्दल घरात दुमत नव्हते. तेव्हा तिथूनच सुरुवात करायचे ठरले. गावातल्या एका जुन्या डेंटर मिस्त्रीला बोलावले. तो आपले गॅसचे सामान हातगाडीवर घालून घेऊन आला. त्याने पहिल्यांदा काय करावे? चालकाच्या आसनाखालची पेट्रोलची टाकी सोडवून थेट परसात नेऊन ठेवली आणि बॅटरी काढली.

"टाकी रिकामीच आहे की," मी म्हटले.

"रिकामी हाय म्हणून तर, सर," तो म्हणाला. "भरल्या टाकीपेक्षा रिकामी वंगाळ. आत वाफ असती."

पेट्रोल स्वतः जळत नाही, हवेत मिसळलेली त्याची वाफ पेटते. रिकाम्या टाकीत नेमके हेच मिश्रण भरलेले असते. भाच्याने नंतर मला हे शास्त्र समजावून दिले. मिस्त्रीने ते पाठ्यपुस्तकाशिवाय सांगितले होते.

मग त्याने लहान हातोडी घेतली आणि जीपला तपासायला सुरुवात केली. अंगभर टकटक करीत तो फिरला. चांगला पत्रा टणटण वाजे. गंजलेला पत्रा तडकलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज देई. जिथे शंका येई तिथे तो लोहचुंबक लावी. डाव्या बाजूला एके ठिकाणी रंग गुळगुळीत, आवाज मात्र बद्द. चुंबक लावला तर तो टपकन खाली पडला. आतला पत्रा केव्हाच नाहीसा झाला होता आणि कोणीतरी केव्हातरी तिथे नुसती पुट्टी थापून वर रंग दिला होता. प्रक्षेप ओळखण्याची इतकी सोपी कसोटी आमच्या विषयात असती तर किती विद्वानांची भांडणे वाचली असती, असे मला वाटून गेले!

गंज हा फार चिवट शत्रू आहे. लोखंडापेक्षा त्याच्या गंजाला जागा जास्त लागते. त्यामुळे तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड उघडे पडते. मग त्याची पाळी येते. वरून रंग दिला म्हणजे तो आत जाऊन काम करतो. युद्धकाळातल्या जीपच्या तळाशी आधाराच्या पन्हळी होत्या आणि त्यांत लाकडाच्या पट्ट्या बसवलेल्या असत. ते लाकूड पाणी धरून ठेवी आणि त्या गाड्यांचे तळ तिथूनच खाल्ले जात. आमच्या जीपचा तळ पाटण खोऱ्याच्या चिखलाने खाल्ला होता. पायाखालच्या पत्र्याला एवढी भोके, की अंगणातले गवत दिसे.

"गंज जिथं संपतो तिथं नाही कापायचं," मिस्त्री म्हणाला. "त्याच्या पुढं दोन बोटं, चांगल्यात कापायचं. न्हाईतर टाका धरत न्हाई."

कापलेल्या भागाचे माप घ्यायला पुठ्ठा हवा होता. आईने साडीचे खोके दिले. त्या पुठ्ठ्याचा साचा पाहून १८ गेजचा पत्रा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा, कापून घेतला. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हा उलटा हिशेब मला त्या दिवशी कळला. जीपची अंगे सपाट असल्यामुळे हे सारे अंगणात जमण्यासारखे असते. आजच्या गोलमटोल मोटारीचा पत्रा घरी वाकवायला गेलात तर हाताशी काही यायचे नाही. जीपचा तुकडा मात्र ओट्याच्या कडेवर ठेवून लाकडी हातोड्याने सरळ दुमडता येतो. म्हणून तर जगभर माणसांनी तिच्यावर आपापली कारागिरी चालवली. फिलिपिन्समध्ये युद्धानंतर मागे राहिलेल्या जीप लांबवून, छप्पर घालून, लोकांनी त्यांच्या बसगाड्या केल्या आणि त्यांना जीपनी असे नाव दिले. आमच्याकडच्या वडापच्या जीपमध्ये किती माणसे मावतात, हे तर गणिताच्या प्राध्यापकालाही सांगता येणार नाही.

जोडकाम सुरू झाले तेव्हा आई खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसली. मिस्त्रीने तुकडा जागेवर धरला, एका कोपऱ्याला एक टाका मारला, मग समोरच्या कोपऱ्याला, मग मध्ये. सलग जोड देईना. ओले फडके लावी, थांबे, पुन्हा दूरवर कुठेतरी टाका घाली.

"एका बाजूनं सरळ का नेत नाही?" भाच्याने विचारले.

मिस्त्रीच्या आधी आईच बोलली. "अरे, आधी कच्चे टाके घालायचे. एकदम शिवत गेलास तर कापड सरकतं."

"बराबर, आजी," मिस्त्री म्हणाला. "एकदम आग दिली तर पत्र्याचा पापड हुतो."

अण्णा इतके दिवस ओटीवरच्या आरामखुर्चीतून हे ऐकत होते. त्यांना आता डोळ्यांनी कमी दिसते, पण कानांनी सगळे दिसते. तळाचे काम संपून मिस्त्री पेटीपाशी आला आणि "हिचं काय करायचं, सर?" असे त्याने मला विचारले. भाचा माझ्याकडे पाहू लागला, आई माझ्याकडे पाहू लागली. मी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात अण्णाच उठून आले. त्यांनी गुरे तपासताना फिरवावा तसा पेटीच्या कडेवरून हात फिरवला, झाकण दोनदा उघडले, मिटले.

"इथं गंज आहे?" त्यांनी विचारले.

"न्हाई, डॉक्टर. बिजागरीला थोडा. बाकी पत्रा ठणठणीत."

"मग तिच्याकडे कशाला आलास?" अण्णा म्हणाले. मग भाच्याकडे वळून म्हणाले, "हे बघ, जखम धुवायची असते. वण धुवायचा नसतो. जनावराच्या अंगावरचा वण काढायला मला आजवर कोणी बोलावलं नाही."

एवढे बोलून ते पुन्हा आरामखुर्चीत जाऊन बसले. भाचा काही वेळ गप्प राहिला. व्ही ए अक्षरांची शान त्याच्या डोळ्यांसमोरून जात असावी. ती सोडणे सोपे नव्हते. त्या वयात गाडीच्या नंबराची मोहिनी काय असते हे मला माहीत आहे. पण तो समंजस मुलगा आहे. "तशीही ती नोंदणी झाली असती तर गाडी रोज काढता आली नसती," असे म्हणून त्याने पॉलिश पेपर उचलला आणि बिजागरीवरचा गंज घासू लागला.

मला मात्र अण्णांच्या वाक्याने आमच्या संशोधनशास्त्राकडे नव्याने पाहायला लावले. पोथीत नकलकाराची चूक असते, तशीच वाचणाऱ्याने समासात केलेली खूणही असते. चूक ही जखम; ती धुतलीच पाहिजे. पण ज्याने ती पोथी आयुष्यभर वापरली त्याची समासातली खूण हा वण आहे, आणि ती पोथी कोणाच्या हातून गेली हे तेवढ्यावरूनच कळते. पुट्टी आणि पेटी ही दोन्ही कारखान्याने दिलेली नव्हती. पण पुट्टीने भोक लपवले होते, आणि पेटीने पंचवीस वर्षे पावसात औषधे कोरडी ठेवली होती.

आता एक प्रश्न उरला तो आईचा. तिचे गुडघे दुखतात आणि जीपचा तळ उंच. भाच्याने मोठ्या उत्साहाने मागची फळी उलगडून दाखवली.

"मी काय वासरू आहे?" आई म्हणाली.

"वासरं इतकी कुरकुर करत नसत," ओटीवरून आवाज आला.

शेवटी एक दुमडती पायरी केली. ती बॉडीला वेल्ड न करता दोन बोल्टांनी चासीला अडकवली, म्हणजे केव्हाही काढता येईल आणि काही कापावे लागणार नाही. यामागे सोयीबरोबर कायद्याचाही विचार होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आहे. घरच्या अंगणात हातोडी चालवण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी आधी आरटीओ कार्यालयात जाऊन चौकशी करावी हे बरे. तळाचा पत्रा बदलणे ही दुरुस्ती. गाडीचा आकारच बदलणे हे वेगळे प्रकरण.

रेड ऑक्साइडचे दोन हात झाले, वर हिरवा रंग चढला, आणि तपासणीचा दिवस उगवला. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने चासीवरच्या नंबराचा पेन्सिलीने कागदावर ठसा घेतला. कायद्याच्या लेखी जीप म्हणजे तेवढे आकडे. बाकी सारे अंगावरचे कपडे. मग गाडीभोवती फिरताना तो पेटीपाशी थांबला. भाच्याने जुने आर.सी. बुक पुढे केले. त्यात १९७८ सालच्या शाईत, कोण्या कारकुनाच्या वळणदार अक्षरांत औषधपेटीची आणि फाळक्याची नोंद होती, खाली शिक्का होता. अधिकाऱ्याने ती वाचली, झाकण एकदा उघडून पाहिले आणि पुढचा कागद उलटला.

त्या संध्याकाळी अण्णांनी गाडीच्या अंगावरून पुन्हा हात फिरवला. "कुठं जोडलंय रे?" त्यांनी विचारले. मिस्त्रीने त्यांचा हात धरून जोडावर नेला, तरी त्यांना तो लागेना. मिस्त्रीचा चेहरा फुलला. "डॉक्टर, न दिसण्याचीच तर मजुरी असती," तो म्हणाला. पेटीचे झाकण मात्र अण्णांनी न चाचपडता पहिल्या झटक्यात उघडले.

सध्या आठवड्यातून एकदा जीप आईला घेऊन कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर जाते. पेटीत आता गुडघ्याला लावायचे तेल, पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याच्या चिक्कीची पुडी असते. पेटीचा मूळ उपयोग बदलला, सबब आर.सी. बुकात नवी नोंद करावी लागेल का, असा पेच भाच्याने परवा काढला आहे. अण्णा म्हणतात, तेल हे औषधच आहे. चिक्कीबद्दलचा निवाडा माझ्याकडे आहे. तो मी अजून दिलेला नाही.